ऐन टायमाला

इंग्रजीत 'ऑन टाइम' वेगळं आणि 'इन टाइम' वेगळं. ठरल्या मिनिटाला हजर झालात तर ऑन टाइम. काम हुकायच्या आत पोचलात तर इन टाइम. हे शिकवताना इंग्रजीच्या मास्तरांचा घसा बसतो. वास्तविक हीच जोडी आपल्या घरात आयती आहे: वेळेवर आणि वेळेत. पण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या पोसल्या, २००० सालापासून इंग्रजी पहिलीतच आलं, तरी गाडी अडते ती इथेच.

भोंगवली गावाकडे तर तिसरंच प्रकरण चालतं: टायमाला. 'जेवणाच्या टायमाला ये.' या 'ला'पुढे ऑन आणि इन दोघंही हात टेकतात; त्यात अर्धा तास अलीकडचा आणि तासभर पलीकडचा सहज मावतो. फक्त मागे 'ऐन' लागला की समजावं, काहीतरी बोंबललं. ऐन टायमाला लाइट जाते, ऐन टायमाला भटजींचा फोन लागत नाही.

परवा तिथल्या एका लग्नाला गेलो होतो. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३६ मिनिटं. पस्तीस नाही, छत्तीस! पूर्वी घटिकापात्र पाण्यात सोडायचे. बुडाला भोक असलेली ती वाटी चोवीस मिनिटांत बुडाली की घटका भरली. वाटीला पुढाऱ्यांची वाट बघता येत नसे. इथे सव्वा वाजला तरी नवरदेव परण्याच्या मिरवणुकीला गेलेला, आणि माइकवाला सत्कारांची यादी वाचतोय. म्हणजे तब्बल एकोणचाळीस मिनिटं उशीर. मुंबईचं जुनं घड्याळ प्रमाणवेळेच्या नेमकं तेवढंच मागे असे आणि ते १९५५ पर्यंत चाललं. त्या हिशेबानं आम्ही अजून मुहूर्तावरच होतो.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, आर वी ऑन टाइम?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या, "आक्षता पडायच्या आदी आलाव न्हवं? मंग टायमात आलाव की."

इन टाइमची याहून चोख व्याख्या मी कुठल्या व्याकरणात वाचलेली नाही. ऑन टाइम मात्र अख्ख्या मांडवात एकटा आचारी होता. त्यानं साडेबाराला पंगत बसवली आणि मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा निम्मं वऱ्हाड हात धुवत होतं.