बासष्ट ग्रॅमचं सुख

कळ दाबली की अक्षर उमटतं, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या लोकांबद्दल मला हल्ली फक्त करुणा वाटते. माझी बायको त्यांच्यापैकीच एक. बँकेत ती वर्षानुवर्षं एकाच काळ्या, चपट्या, तेलकट कीबोर्डवर काम करते आणि त्याची उसळी, वजन, आवाज यांबद्दल तिला एकही मत नाही. मला मतं आहेत. मी भाषांतरं करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे विचार टंकतो. त्यात माझं स्वतःचं म्हणावं असं काही घडत असेल तर ते बोटांच्या टोकाशी. निदान तिथे तरी दर्जा हवा, असं ठरवून मी मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जुळवायला घेतला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (घरच्यांना सविस्तर सांगून झालं आहे.) मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली एक स्वतंत्र स्विच असतो. प्लास्टिकचं दोन भागांचं घर, आत एक दांडा, दांड्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची पातळ पट्टी. दांडा साधारण २ मिलिमीटर खाली गेला की पट्टी टेकते आणि अक्षर उमटतं; तळ लागतो ४ मिलिमीटरला. या चार मिलिमीटरांत काय घडावं यावरून जगात तीन पंथ पडले आहेत. लीनियरवाल्यांना मधे काहीच घडायला नको असतं, कळ गुळगुळीत खाली जावी एवढंच. क्लिकीवाल्यांना ‘टिक्’ असा खणखणीत आवाज लागतो. टॅक्टाइलवाल्यांना वाटेत एक उंचवटा लागतो. दांड्याच्या पायांना बारीकसा फुगवटा असतो. तो पट्टीवरून घासून उतरला की बोटाला धक्का कळतो, काम झालं.

क्लिकीला घरातून विरोध होता. “या खोलीत रात्री एक तर तो वाजेल, नाही तर मी झोपेन,” असं बायकोने स्पष्ट केलं. लीनियरला माझ्या स्वभावाचा विरोध होता. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारा, जिना उतरल्यावर पुन्हा वर येऊन गॅस पाहणारा माणूस मी; पोच मिळाल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा टॅक्टाइल, हे नक्की झालं. आता कोणता टॅक्टाइल एवढंच राहिलं होतं. चहा होईपर्यंत ठरेल असं मी धरून चाललो होतो.

या सगळ्याचं मूळ चेरी या जर्मन कंपनीत. तिचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकातले. रंगावरून जात ओळखायची पद्धतही तिचीच: लाल तो लीनियर, निळा तो क्लिकी, तपकिरी तो टॅक्टाइल. २०१४ च्या सुमारास तिच्या पेटंटची मुदत संपली आणि गेटरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढायचा सपाटा लावला. आता इतके टॅक्टाइल आहेत की नुसती नावं वाचायला सुट्टी काढावी लागते. मी काढली.

या क्षेत्रात शिरल्यावर पहिली गोष्ट शिकायची ती म्हणजे तपकिरीला नावं ठेवणं. मी ती लगेच शिकलो. तपकिरीचा उंचवटा आमच्या पुण्यातल्या जुन्या गतिरोधकासारखा आहे, असं मी येईल त्याला सांगू लागलो: पांढरे पट्टे दिसतात म्हणून आपण वेग कमी करतो, खाली रस्ता सपाटच. मी तोवर तपकिरी स्विच एकदाही दाबला नव्हता. पण मत बनवण्यासाठी अनुभवाची वाट बघत बसलं तर माणूस मागे पडतो.

मग मी ऐकायला लागलो. एकेका स्विचवर कोणी तरी शांतपणे टंकत असल्याच्या ध्वनिफिती मिळतात. आवाजाचेही प्रकार आहेत. खोल, घुमणारा तो ‘थॉक’. उंच, कोरडा तो ‘क्लॅक’. मध्यरात्री हेडफोन लावून, डोळे मिटून मी हसत बसलेला बायकोला दिसलो.

“काय ऐकतोयस?”

“स्पेसबार.”

ती काही वेळ उभी राहिली. दुसरं काही असतं तर तिला बरं वाटलं असतं, असं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

या शोधात मला होली पांडा भेटला. त्याची कथा कोणत्याही घराण्याच्या इतिहासात शोभेल. पांडा नावाचा एक लीनियर स्विच होता, त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. हेलो नावाचा दुसरा एक टॅक्टाइल होता. कोणा हौशी माणसाने हेलोचा दांडा काढून पांडाच्या घरात बसवला, आणि दोघांनाही स्वतंत्रपणे जे जमलं नव्हतं ते जमलं: मोठा, गोल, ठणठणीत उंचवटा. या संकरासाठी लोक दोन्ही स्विच विकत घेऊन, उघडून, निम्मे भाग बाजूला टाकू लागले. मला हे फार पटलं. बायकोला ‘निम्मे भाग बाजूला टाकू लागले’ एवढंच ऐकू गेलं.

मग वजनाचा प्रश्न आला. कॅनडाहून येणारे झिलिओ स्विच ६२, ६५, ६७ आणि ७८ अशा चार ग्रॅमांत मिळतात. पासष्ट आणि सदुसष्ट यांत दोन ग्रॅमचा फरक; म्हणजे चिमूटभर मीठ. आपलं बोट बासष्टचं की सदुसष्टचं हे कसं कळावं? त्यावर जुना, सोपा उपाय म्हणजे कळीवर नाणी रचत जायची आणि ती कधी खाली जाते ते बघायचं. दहाचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं. आठ नाणी म्हणजे जवळजवळ बरोब्बर ६२ ग्रॅम. बासष्ट ग्रॅमची एक कळ दाबायला ऐंशी रुपये लागतात, आणि असा एक स्विच विकतही साधारण तेवढ्यालाच पडतो. निसर्गातला हा मेळ पाहून मी थक्क झालो.

मी सातवं नाणं ठेवत असताना आई भाजीसाठी सुटे पैसे शोधत आली. आई जिल्हा परिषदेत टायपिस्ट होती. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, त्याच घराण्यातल्या मराठी यंत्रावर तिची अख्खी नोकरी झाली. तिने नाण्यांची उतरंड पाहिली.

“हे काय चाललंय?”

मी उंचवटा, पोच, ग्रॅम सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्याकडे अक्षर उमटलं की कागदावर दिसायचं. ते बोटाला वेगळं कळवायला लागायचं नाही. आणि खाली चार कार्बन असले की कोणी ग्रॅम मोजत नव्हतं.” एवढं बोलून तिने वरची चार नाणी उचलली. कळ वर आली. कोथिंबीर आली. प्रयोग अपुरा राहिला, म्हणून मी बासष्ट मागवले.

सत्त्याऐंशी कळांचा कीबोर्ड, सत्त्याऐंशी स्विच. पण मी मराठी टंकतो, आणि परदेशी तज्ज्ञांनी मराठीचा विचारच केलेला नव्हता. १९८६ साली आलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि हलन्त चिन्ह डाव्या मधल्या बोटाखाली, इंग्रजी ‘डी’च्या जागी. मराठी जोडाक्षरांवर चालते, त्यामुळे या कळीला उसंत नाही. ‘स्वातंत्र्योत्तर’ हा एक शब्द लिहायला ती चारदा दाबावी लागते, आणि मी ज्या प्रकारची पुस्तकं भाषांतरित करतो त्यांत दुसरं काही नसतंच. अक्षराचा पाय मोडणं ही गंभीर कृती आहे. ती हलक्या हाताने होता कामा नये, असं तत्त्व मी मांडलं आणि त्या एका कळीखाली ७८ ग्रॅमचा स्विच बसवला.

काही दिवसांत मधलं बोट सुजलं. डॉक्टरांनी विचारलं, “या बोटाने असं काय करता?”

“पाय मोडतो.”

त्यांनी मान वर केली. मी खुलासा केल्यावर त्यांनी ती पुन्हा खाली घातली, मलम लिहून दिलं आणि बोटाला पट्टी बांधली.

ही कळ सोसत मी घरी आलो आणि तो स्विच बदलायला बसलो. हल्लीच्या बऱ्याच कीबोर्डांत डाग द्यावा लागत नाही. स्विच चिमट्याने उपटायचा आणि दुसरा सॉकेटमध्ये दाबायचा. मात्र त्याचे दोन नाजूक धातूचे पाय सरळ भोकात जातात का ते पाहावं लागतं. पट्टी बांधलेल्या बोटामुळे मला नीट दिसलं नाही. एक पाय आत न जाता दुमडला. कळ दबत होती, उंचवटा लागत होता, पोच मिळत होती. फक्त हलन्त उमटत नव्हता. मी डोळे मिटून टंकत होतो, कारण चांगला आवाज ऐकताना डोळ्यांचा व्यत्यय होतो. त्याच तंद्रीत एका संपादकांना पत्र गेलं:

“सपरेम नमसकार. आपलया अंकासाठी ‘सवातंतरयोततर’ हा लेख पाठवत आहे.”

त्यांचं उत्तर तातडीने आलं. बोलीचा वापर धाडसी आहे, त्यांना आवडला. फक्त ही बोली कोणत्या तालुक्यातली ते कळवावं, म्हणजे तशी तळटीप देता येईल. मी तालुका कळवला. लेख छापून आला आणि बरा वाचला गेला.

डॉक्टरांच्या मलमाने बोटाला आराम पडला, तेव्हा स्विचलाही मलम लावावं असं मनात आलं. ही काही माझी कल्पना नव्हे. जाणकार लोक स्विच उघडून आत वंगण लावतात. त्यात मानाचं स्थान क्रायटॉक्सचं. विमान आणि अवकाश उद्योगात वापरलं जाणारं हे ग्रीस मी बोटभर डबीतून मागवलं. चिमुकला ब्रश, चिमटा, भिंग आणि सत्त्याऐंशी उघडलेले स्विच जेवणाच्या टेबलावर मांडले. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळे ताट मांडीवर घेऊन जेवले. एक स्प्रिंग आमटीत सापडली. तिचा ताण अजून चांगला आहे.

टॅक्टाइल स्विचच्या बाबतीत एक पथ्य असतं. घराच्या आत, स्प्रिंगला, खालच्या टोकाला वंगण चालतं. दांड्याच्या पायांना लावायचं नाही, कारण उंचवटा तिथेच असतो. हे मला माहीत होतं. पण रात्रीच्या वेळी, भिंगाखाली, ते पाय इतके कोरडे, इतके पोरके दिसत होते की माझ्याने राहवलं नाही. मी प्रत्येकाला थोडं थोडं लावलं. जिथे जास्त गरज दिसली तिथे जास्त.

सकाळी कीबोर्ड जुळवून झाल्यावर मी पहिली कळ दाबली. ती लोण्यातून गेल्यागत तळाशी गेली. दुसरीही. महिनोन्‌महिने शोधून, नाण्यांनी तोलून, कॅनडाहून मागवलेला तो उंचवटा मी सत्त्याऐंशी ठिकाणी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता आणि जगातले सगळ्यात महागडे लीनियर स्विच तयार केले होते.

बायको म्हणाली, “छान झालाय की! आता आवाजही येत नाही.” काही लोकांना चुकीच्या वेळी कौतुक करायची सवय असते.

मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिने या प्रकरणाचा शास्त्रीय निकाल लावायचं ठरवलं. माझ्याकडचे नमुन्यांचे सुटे स्विच तिने जमवले, माझ्या डोळ्यांवर आजीची ओढणी बांधली आणि एकेक स्विच बोटाखाली सरकवत म्हणाली, “बाबा, सांगा कसा आहे.”

पहिला मी नीट तीनचारदा दाबला. “उंचवटा वरच आहे, करारी, पण उतरताना हळवा. हा होली पांडाच्या जातीतला.”

दुसरा. “याला खोली आहे. घाई नाही. माझ्या मते झिलिओ, सदुसष्ट ग्रॅम.”

तिसऱ्याने मला हसूच आलं. “हा तपकिरी. पट्टे आहेत, गतिरोधक नाही. टाकून दे.”

ओढणी सुटली. तिच्या हातात एकच स्विच होता. तिन्ही वेळा तोच दिला होता, आणि तो तपकिरी होता.

यावर घरात जो हशा झाला त्याकडे मी दुर्लक्ष केलं, कारण त्या गोंधळात प्रयोगाचा खरा निष्कर्ष कोणाच्याच लक्षात आला नाही. ज्या स्विचमध्ये करारीपणा, हळवेपणा, खोली आणि थोडी थट्टा एवढं सगळं मावतं, तो सामान्य असेलच कसा? मी पहिल्यापासून तपकिरीच्या शोधात होतो, फक्त रस्ता कॅनडावरून गेला. आता कीबोर्डात तेच बसवायचे आहेत. वंगणाशिवाय. हलन्ताखाली कोणता, याचा वेगळा अभ्यास चालू आहे.

संपादकांनी या लेखाचं जे मानधन सांगितलं आहे, त्यात फार तर आकड्यांची एक ओळ भरेल. अक्षरांच्या तीन ओळी, वरची फंक्शनची आणि खालची स्पेसबारची अजून बाकी आहेत. तेव्हा त्यांनी याची लेखमाला करावी, असं मी सुचवलं आहे. विषय भरपूर आहेत. अजून कीकॅप्सबद्दल मी अवाक्षरही काढलेलं नाही.