हरणाची शिकार: नवशिक्यांसाठी, नंदुरबार आवृत्ती

शिकार शिकायची ठरवलीत, छान केलंत. हा निर्णय बहुधा मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून झालेला असतो, त्यामुळे तुमच्या डोळ्यांपुढे काय आहे ते ठाऊक आहे: झाडाला बांधलेलं मचाण, पानापानांच्या नक्षीचे कपडे, थर्मासमधली कॉफी आणि फोटोसाठी मान वळवून उभं राहिलेलं पांढऱ्या शेपटीचं हरीण. तिकडे हरणं उदंड, हंगाम ठरलेला, परवाना विकत मिळतो. बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ सालच्या कायद्याने वन्यजीवांच्याच कामी लागतो. आपण मात्र नंदुरबार जिल्ह्यात आहोत. तालुके सहा, उत्तरेला नर्मदा, मधून तापी आणि दोघींच्या मध्ये सातपुडा. पुढचं सगळं याच हिशोबाने वाचावं.

परवाना

सर्वांत सोपा भाग आधी उरकू. परवाना मिळत नाही.

तुमच्या आजोबांना मिळत असे. १९५१ चा मुंबई राज्याचा कायदा होता, त्याखाली रीतसर लायसन्स निघायचं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेल्या फटीही बुजवल्या. आता हौसेखातर हरीण मारण्याचा अर्ज घेणारं टेबलच कुठल्या कचेरीत शिल्लक नाही. पिकं नासवणाऱ्या रोह्यासाठी वनक्षेत्रपालाकडे परवानगी मागण्याची एक वाट शेतकऱ्याला आहे. पण तिच्यासाठी आधी शेती करावी लागते, आणि तेवढी तुमची तयारी दिसत नाही.

तरी निराश होऊ नका. कायद्याने शिकारीची व्याख्या फार उदार मनाने केली आहे. मारणं तर झालंच, पण पकडणं, फास लावणं, हाकून काढणं, जखमी करणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच जमा. म्हणजे नेम चुकला तरी तुम्ही शिकारीच ठरता. नवशिक्याला इतकं प्रोत्साहन दुसऱ्या कुठल्या छंदात मिळतं?

काळवीट, चिंकारा, चौशिंगा हे पहिल्या अनुसूचीतले मानकरी. त्यांच्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. घरात मांस सापडलं, तर ते गैरमार्गाने आलेलं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं, सरकारने नाही. ज्या गाडीतून गेलात ती सरकारजमा. हप्ते मात्र तुमचेच. जोधपूरजवळच्या कांकाणी गावातल्या १९९८ च्या काळविटांचा खटला सलमान खानवर चालला, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती २०१८ साली, आणि मग जामीन, अपील. वीस वर्षं तारखांना वकील उभे करायची ऐपत असेल, तर पुढे वाचायची गरज नाही.

सावज

आपल्याकडे ठिपके असोत-नसोत, शिंगं असोत-नसोत, चार पायांवर पळालं की ते हरीण. शिकाऱ्याला असं चालत नाही. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, रोही यांची शिंगं जन्मभराची. चौशिंग्याच्या नराला चार शिंगं असतात, पण पुढची दोन इतकी आखूड की लांबून दिसली तर नशीब. सोनेरी हरणाच्या वाटेला जाऊ नये. पंचवटी इथून फार लांब नाही, आणि तिथून त्या हरणामागे निघालेल्या प्रभू रामचंद्रांनाही ती शिकार केवढ्याला पडली हे आपण दरवर्षी ऐकतो.

जंगलात गळालेलं शिंग दिसलं तर दिवाणखान्यासाठी उचलू नका, तेही सरकारचं. आजोबांनी भिंतीवर लावलेलं मुंडकं असेल तर त्याचे कागद शोधा. असा माल जाहीर करायला २००३ साली १८० दिवसांची मुदत मिळाली होती. ती तुमच्या घरी लग्नाच्या गडबडीत निघून गेली असण्याची शक्यता मोठी.

जागा हेरणे

जागा हेरणं म्हणजे निम्मी शिकार. याबाबतीत नंदुरबारची परंपरा जगात नावाजलेली आहे, फक्त ती हरणाची नाही, घुबडाची आहे.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या साहेबाने मध्य भारताच्या पूर्व टोकाला एक पिंगळा मारला. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचं नाव दिलं. हे तेच ह्यूम, ज्यांनी पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्यालाही शहादा-तळोद्याच्या रानात हाच पिंगळा मिळाला. १८८४ नंतर तो कुणालाच दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, बाकी काही नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधूनही हाती लागला नाही.

मधल्या काळात एक पुरावा मात्र होता. कर्नल माइनर्टझहागेन या नामवंत पक्षीतज्ज्ञाने आपण हा पिंगळा १९१४ साली गुजरातेत मांडवीला टिपल्याची चिठ्ठी एका कातड्याला अडकवून ठेवली होती. साहेबाची चिठ्ठी म्हटल्यावर कोण शंका घेणार? नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईने तपासलं आणि बिंग फुटलं. कातडं ब्रिटिश म्युझियममधून पळवलेलं, उसवून पुन्हा भरलेलं, आणि मुळात आपल्या डेव्हिडसनचंच होतं. कर्नलसाहेबांनी मांडवीत काहीही टिपलं नव्हतं. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे मांडवीला फुली मारून खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धुंडाळत निघाले. पूर्वेकडच्या जागी काही मिळालं नाही. २५ नोव्हेंबर १९९७ ला, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, सकाळच्या उन्हात एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी! दिवसाढवळ्या वावरणारं घुबड, आणि बसलेलंही असं उजेडात.

यातून नवशिक्याने घ्यायचा धडा हरणालाही लागू पडतो: जागा सांगणाऱ्याने जागा पाहिली आहे का, ते आधी तपासा. चहाच्या टपरीवर ‘अहो साहेब, तिकडे कळपच्या कळप’ सांगणारा माणूस भेटतोच. त्याला एवढंच विचारा, ‘दादा, शेवटचा कधी दिसला?’ उत्तर ‘आमचे आजोबा सांगायचे’ असं आलं, तर चहाचे पैसे देऊन निघा. त्याचे आजोबा खोटं बोलत नव्हते. औट्रॅमने १८२५ साली भिल्ल कोर उभी केली तेव्हा याच खानदेशात वाघांच्या शिकारी चालत. तेव्हाचं रान आता नाही. साग गेला, डोंगर नांगरले गेले, धरणाच्या पाण्याने अक्राणी-अक्कलकुव्याची नर्मदाकाठची गावं उठवली. कळप बघायचाच हट्ट असेल तर सरळ जिल्हा बदला. येवल्याजवळ ममदापूरला नाहीतर कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट दिसतात, तिकडे मचाणाचीही गरज नाही.

इथेच हिंडायचं असेल तर शहाद्याहून राणीपूरमार्गे तोरणमाळचा घाट चढा, किंवा तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव गाठा. पावसाळ्यात दरड आली की तुम्ही घाटात आणि हरीण मजेत. सपाटीवर, तळोदा-शहाद्याच्या उसात, टेहळणी करू नका. तिथे आधीपासून एक शिकारी मुक्कामाला आहे, त्याच्या अंगावर ठिपके आहेत आणि तो परवान्याची चौकशी करत नाही. उसालाच रान समजून बिबट्यांच्या पिढ्या तिथे वाढल्या, आणि आता वस्तीवरची माणसं दिवेलागणीनंतर पोरांना अंगणात सोडायला घाबरतात.

उत्तम हंगाम मार्च-एप्रिल, मोह गळायला लागतो तेव्हा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बायका झाडाखालचा पाचोळा आधी जाळून घेतात. त्या काळ्या गोल चकत्या म्हणजे तुमचं पहिलं पुस्तक. पहाटे गेलात तर राखेत खूर इतका स्वच्छ उमटलेला असतो की दोन टोकदार पाकळ्या आणि मधली बारीक रेघ वेगवेगळी दिसते. शेजारी बकरीचाही खूर असेल. तो बोथट, आणि त्याच्यामागे हमखास चपलेचा ठसा. राखेवर पिवळट फुलं पडलेली, काही ठिकाणी तेवढीच नेमकी टिपून नेलेली. अस्वल येऊन गेलं असेल तर टिपून नेणं वगैरे प्रकार नसतो, सगळी झाडलोट. टोपली घेऊन आलेल्या मावशी तुमच्याआधी तिथे असतात. त्यांना नमस्कार करा आणि गप्प उभे राहा. रात्री कोण आलं होतं हे त्यांना एका नजरेत कळतं. चौशिंगा लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो, तो ढीग सापडला तर मोठाच लाभ. कुत्रं भुंकल्यासारखा आवाज दाट झाडीतून आला आणि आसपास वस्ती नसेल, तर ते भेकर. अंधारात पानं खसखसली तर ते बहुतेक तुमचेच मित्र.

सामान

पानापानांचे कपडे घेऊ नका. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे सीमेलगत रात्री गाडी उभी दिसली की पोलिसांना आधी बाटल्या आठवतात, मग सागाची लाकडं. ‘हरणं बघायला आलोय’ हे खरं कारण त्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावरही नसतं. साधा मळकट शर्ट, पाणी, दुर्बीण, आधार कार्ड. वाऱ्याची दिशा सांभाळा, हरणाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तिखटावरून आठवलं, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवरून थेट रानात जाऊ नये. शिंकांनी डोंगर हलवलात तर टेहळणी तिथेच संपली.

वाटेत झुडपात गाडीच्या क्लचची तार वेटोळं करून बांधलेली दिसली, तर तो कुणा तुमच्यासारख्याच इच्छुकाचा पहिला प्रयत्न समजा. तारेला हरीण कोण आणि बिबट्या कोण ते कळत नाही. हात न लावता फोटो काढा आणि जिथे रेंज येईल तिथून १९२६ ला फोन करा, वनखात्याचा हा क्रमांक फुकट लागतो.

मांस

मूळ ओढ याचीच असेल तर लाजू नका. काळ्या मसाल्यात शिजलेलं बोकडाचं मटण आणि कळण्याची भाकरी असताना हरणामागे धावणाऱ्याची कीव येते. बोकड आठवडे बाजारात मिळतो, तोही घासाघीस करून. कोंबडी हवी तर नवापूर आहे. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच निघाला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तरी नवापूर पुन्हा कोंबड्यांकडे वळलंच.

परतल्यावर

समजा, नशीब जोरावर होतं आणि एखादा चौशिंगा समोर आला. श्वास रोखा, हात स्थिर ठेवा, बटण दाबा. फोटो हललेला येईल, सगळ्यांचाच येतो. तो ग्रुपवर टाकण्याआधी मोबाईलमधलं लोकेशन बंद करा. फोटो बघणारे सगळेच दुर्बीणवाले नसतात, तारवालेही त्यात असतात आणि ते बारकाईने बघतात. मागचा डोंगर ओळखू येत असेल तर तेवढा भाग कापून टाका. ‘कुठे दिसला?’ असं विचारलं तर सातपुड्यात म्हणावं. सातपुडा मोठा आहे. फारच खनपटीला बसलं कुणी, तर बिनदिक्कत मांडवी सांगा.