आ करा!

मुळशीच्या माणसाला औषध मिळो न मिळो, तोंड उघडायला सांगणारे भरपूर भेटतात. पुण्या-पिंपरीत दंत महाविद्यालयं आहेत आणि त्यांना अधूनमधून 'ग्रामीण तोंड' लागतं. मग एखाद्या सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल येतं, पांढरे कोट येतात, पोरं रांगेत उभी राहतात. एकजण आरसा घालून आत बघतो, दुसरी कागदावर आकडे मांडते. किडलेले किती, पडलेले किती, भरलेले किती. तिन्हींची बेरीज म्हणजे डीएमएफटी. अमेरिकेत 1930च्या दशकात निघालेला हा हिशेब आजही जगभर चालतो. खेड्यात तो करायला सोपा, कारण तिसऱ्या रकान्यात बहुतेक भोपळाच असतो.

मग प्रत्येकाला टूथपेस्टची एक नळी, दोन वेळा ब्रश करण्याचा उपदेश, गुरुजींसोबत फोटो, आणि गाडी निघाली चांदणी चौकाकडे. पुढे त्या आकड्यांचा शोधनिबंध होतो. ग्रामीण भागात दंतसेवा पोचली पाहिजे, असं त्याच्या शेवटच्या परिच्छेदात असतंच. परिच्छेद पोचतो.

विद्यार्थ्यांवर माझा राग नाही. त्यांना पदवी हवी, मार्गदर्शकाला निबंध हवा, महाविद्यालयाला शिबिराची नोंद हवी. दाढ ठणकणाऱ्या माणसाला काय हवं, हा या व्यवहारातला चौथा मुद्दा, आणि त्याला रकाना नाही.

बरं, मोजून मोजून जे निघतं ते काही गुपित नव्हे. 2002-03च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले निघाले आणि पस्तीस ते चव्वेचाळीस वयाच्या पाचांतल्या चौघांचे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022च्या अहवालात सांगितलं की, जगात साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. मुळशीतल्या आजीला हे कळवलं तर ती म्हणेल, 'बाई गं! मग माझा नंबर कधी लागायचा?'

आपला तालुका तसा मागासलेला म्हणायची सोय नाही. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशीत, लवासा मुळशीत, आंबवण्याची अ‍ॅम्बी व्हॅलीही मुळशीतच. पूर्वेकडून निघालात तर दर चौकात दातांचा दवाखाना. स्माइल डिझाइन, अदृश्य तारा, एका दिवसात इम्प्लांट, हप्त्यांची सोय. पिरंगुटपर्यंत पाट्या दाट आहेत. पौड ओलांडलं की विरळ होतात, आणि ताम्हिणीकडे वळलात की फक्त भुट्टे आणि धबधब्याच्या पाट्या.

देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, म्हणजे दंतवैद्यांचा दुष्काळ नाही. पण कर्ज काढून बीडीएस झालेल्या पोराने खेड्यात खुर्ची टाकायची कशाच्या जोरावर? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. खेड्यात दुसऱ्याचे कोरूनही भरत नाही. म्हणून यातली बरीच मुलं मेडिकल कोडिंगच्या नोकऱ्या शोधतात, म्हणजे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांसाठी तिथल्या रुग्णांच्या उपचारांना सांकेतिक क्रमांक लावायचे. असल्या कचेऱ्या हिंजवडीत शोधायला फार फिरावं लागणार नाही. तेव्हा मुळशीत दंतवैद्य नाही असं कुणी म्हणू नये. आहे, तालुक्यातच आहे, फक्त ओहायोची दाढ बघतोय.

आता सरकारकडे येऊ. डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष आहे. त्या केंद्रात डॉक्टर असतो, दातांचा नसतो. दातांचा डॉक्टर सरकारी उतरंडीत वरच्या पायरीला, ग्रामीण रुग्णालयाला, म्हणजे आपल्यासाठी पौडला. खालच्या उपकेंद्रांचं आधी 'आरोग्यवर्धिनी' आणि मग 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. तिथे ज्या बारा सेवा मिळायच्या आहेत, त्यांत तोंडाच्या आरोग्याची प्राथमिक सेवाही लिहिलेली आहे. अक्षर छान आहे. दर वेळी नव्याने रंगवतात.

आशाताई घरोघर जाऊन तिशीवरच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. त्यात तोंडाचे प्रश्न आहेत, आणि ते चांगले आहेत. तोंड उघडायला त्रास होतो का? पंधरवड्यात न भरलेली जखम आहे का? पांढरा किंवा लाल चट्टा? चावताना दुखतं का? समजा, धनगरवाड्यावरची बाई 'हो' म्हणाली. ताई बिचाऱ्या खूण करतात आणि सांगतात, 'मावशी, पौडला दाखवून या.'

मावशींचा हिशेब ऐका. एसटीच्या वेळा, जायला सकाळ आणि यायला संध्याकाळ, म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. सोबत कुणी हवं, त्याचाही बुडाला. दाढ वाचवायची तर रूट कॅनाल, त्याला तीन-चार खेपा, वर टोपी बसवायची ती वेगळी. तेवढ्यात भातलावणी येते. त्यापेक्षा दाढ काढूनच टाकलेली बरी! म्हणून निबंधातला 'पडलेले' हा रकाना फुगतो, आणि शहरात बसून आपण लिहितो की ग्रामीण भागात जनजागृतीचा अभाव आहे. बाईला तिच्या दाढेची पुरती जाग आहे हो. रात्रभर झोपच नाही तिला.

अज्ञान अजिबात नाही असं मी म्हणत नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, असं मानणारे पदवीधरही मला भेटलेत. लवंग दाबून धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची, सूज आली की दुसरी गोळी. गावोगाव फिरणाऱ्या बायका दातातला किडा काढून तळहातावर ठेवून दाखवतात. किडा त्यांनीच आणलेला असतो. पण एक मान्य करा, त्या दारापर्यंत येतात. आरोग्यव्यवस्थेला एवढं जमलं असतं, तर किडा तरी कुणाला लागला असता!

पौडलाही काम झालं नाही तर पुणं. तिथे चांदणी चौक. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022च्या मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून पाडला, तरी थोडा उभाच राहिला आणि यंत्रांनी उपसून काढावा लागला. अर्धवट निघालेली अक्कलदाढच ती. पुढच्या वर्षी नवे उड्डाणपूल झाले. आता तिथून पुढच्या कोंडीपर्यंत जोरात पोचता येतं.

तोंडाच्या बाबतीत सरकार कंजूष आहे, असं समजू नका. थोडं थांबायची तयारी हवी, इतकंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, कर्करोगाचेसुद्धा. पण योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होणाऱ्यांची. दाढ भरायला कुणी भरती होत नाही. त्यामुळे तुमच्या किडलेल्या दाताशी तिला देणंघेणं नाही. तुम्ही सकाळ-संध्याकाळ तव्यावर भाजलेली मशेरी घासा, हिरड्यांना दात सोडू द्या, गालाच्या आतला चट्टा पांढऱ्याचा लाल होऊ द्या, गाठ येऊ द्या. मग या, सगळं मोफत.

2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळजवळ एकजण धूर न काढता तंबाखू घेणारा निघाला. त्यात बायका मोठ्या संख्येने, आणि बायकांची तंबाखू म्हणजे बऱ्याचदा मशेरी. तिला कुणी व्यसन म्हणतही नाही, दात घासणंच ते. गुटख्याला तर राज्यात 2012 पासून बंदी आहे. खात्री करायची तर टपरीवर विचारा. किंवा नकोच, तो लगेच काढून देईल.

खरं म्हणजे तोंडाच्या तपासणी-उपचारातल्या बऱ्याच गोष्टींना खुर्ची लागत नाही, पाण्याचा फवारा लागत नाही, वीजही लागत नाही. (मुळशीत विजेचा विषय नको. सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, तरी धरण झालं. पाणी भिऱ्याला उतरतं आणि वीज मुंबईला जाते.) केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली. 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला, तो असा की तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. साहित्य काय, तर उजेड आणि शिकवलेली नजर. आशाताईंच्या तक्त्यात प्रश्न आहेतच. त्यांना टॉर्च द्या, प्रशिक्षण द्या, आणि मोबदला वेळेवर द्या. शेवटचं सगळ्यात अवघड, हे मला ठाऊक आहे.

आफ्रिकेतल्या टांझानियात 1980च्या दशकात दंतवैद्यांनी ड्रिलशिवाय, हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून दात भरायची पद्धत बसवली. विजेची सोय नसलेल्या गावांसाठीच होती ती. त्यात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट, कीड जागीच थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि फ्लोराइडची टूथपेस्ट, ही तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्या सिल्व्हरनं किडलेली जागा काळी पडते, म्हणून शहरी बावधनच्या आयांना ते पसंत पडणार नाही. ताम्हिणीच्या आयांना अजून कुणी विचारलेलं नाही.

हत्यारांची एक पेटी, एक दंतवैद्य, महिन्यातून एक ठरलेला वार, शाळेचा तोच व्हरांडा. मोजायला जी गाडी येते तीच भरायलाही येऊ शकते. मी हे तालुक्यातल्या एका पुढाऱ्यांना सांगितलं. त्यांना कल्पना फार आवडली. पण उद्घाटन कशाचं करायचं, असा त्यांना प्रश्न पडला. इमारत नाही, यंत्र नाही, टॉर्चला फीत बांधता येत नाही. फ्लेक्सची मात्र त्यांनी लगेच तयारी दाखवली. त्यावर सतरा जणांचे फोटो असतील, आणि सगळे दात दाखवून हसत असतील.