ओरिजिनल माल

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मळका शर्ट आणि झिजक्या चपला घातलेले साठीचे एक गृहस्थ भंगाराच्या ढिगात अर्धे शिरलेले दिसले, तर त्यांची कीव करू नका. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले असतात. अवतार मुद्दाम केलेला असतो. नीटनेटकं गेलं की दुकानदार भाव चढवतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. दुकानदाराने मात्र ते रस्ता ओलांडत असतानाच भाव चढवलेला असतो.

या गृहस्थांकडे डुक्कर फियाट आहे. ‘आहे’ म्हणायचं कारण तिची कागदपत्रं कपाटात आहेत. बाकी गाडी बिल्डिंगच्या मागे ताडपत्रीखाली चार विटांवर उभी असते. १९५०च्या दशकातलं हे मॉडेल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारं. इंजिनाची चिंता नसते. डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, त्यामुळे तिथलं बरंचसं सामान जुळवून घेता येतं. पत्रा मात्र एकीचा दुसरीला बसत नाही. शिवाय हबकॅप, मोनोग्राम, टेललॅम्पची काच या वस्तू नुसत्या बसून चालत नाहीत, त्या ओरिजिनल लागतात. वडिलांनी नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. चिरंजीव आता एका काचेसाठी तेवढीच वाट पाहतात. घराण्याची परंपरा!

कुर्ल्याला येण्यात त्यांना एक धार्मिक समाधानही आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीचा फियाटचा कारखाना कुर्ल्याचाच. आज त्या जागेवर इमारती आहेत, आणि गाड्या तोडणाऱ्यांची दुकानं जवळच. म्हणजे फियाटचा जन्म आणि दहावा एकाच पिनकोडात. इथे काही मिळालं नाही तर शुक्रवारी चोरबाजार. भाची पुण्यात दिली आहे, तिची आठवण त्यांना नेमकी जुन्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे बुधवारी किंवा रविवारी येते.

घासाघीस करताना त्यांचा अभिनय पाहण्यासारखा असतो. हवं असतं दाराचं हँडल, पण आधी अर्धा तास ते एका रेडिएटरची चौकशी करतात. मग सहज दिसल्यासारखं हँडल उचलतात. “हे काय, असंच पडलंय?” पण बोलताना आवाज कापतो आणि सगळं मुसळ केरात जातं. भंगार किलोवर विकलं जातं. यांचा हात लागला की तेच नगावर येतं. “साब, इटलीवाला पीस है,” दुकानदार शांतपणे सांगतो. तो कशालाही इटलीवाला पीस म्हणतो. हँडल घेऊन हे बाहेर पडतात आणि त्याला कसं गंडवलं ते टॅक्सीवाल्याला सांगतात.

खिशात कायम एक लोहचुंबक असतो. पत्र्यावर फिरवताना तो जिथे चिकटत नाही, तिथे खाली पुट्टी. एकदा डॉक्टरच्या गाडीचा म्हणून दाखवलेल्या पद्मिनीच्या मडगार्डवरून त्यांनी तो फिरवला, तर एका बाजूला घसरायला लागला. खरवडून पाहिलं तर मीटर बसवण्याची भोकं! डॉक्टरसाहेबांनी आयुष्यभर टॅक्सीच चालवली होती. असं मडगार्ड घेऊ नये, हे त्यांना कळतं. आपल्या गाडीला ते बसत नाही, हेही कळतं. तरी घेतलं, कारण ‘अदलाबदलीला उपयोगी पडेल’.

घरात दिवाणाखाली बंपर आहे. कार्बोरेटरचे जेट दुधाच्या पातेल्यात पेट्रोलमध्ये भिजतात. काकूंनी ते पातेलं मनातून कधीच सोडलं आहे. मुलीसाठी एक स्थळ आलं, त्यांच्याकडे जुनी सुपर सिलेक्ट फियाट उभी होती. यांनी पत्रिका न बघता आधी स्पेअर बॉनेट आहे का, ते विचारलं. “अहो, मुलगा काय करतो ते विचारा,” काकू कुजबुजल्या. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता. यांचा चेहरा पडला.

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बाद झाली. शेवटची टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, तिची वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं. आमचे गृहस्थ सकाळपासून डोळे पुसत होते. दुपारी एका टॅक्सीवाल्याचे दोन्ही हात हातात घेऊन भरल्या गळ्याने विचारते झाले, “गाडी तोडायला कुणाकडे देणार?”

यांच्या प्रेमातली गोम ही आहे. जुन्या गाड्या जपल्या पाहिजेत, असं ते भेटेल त्याला सांगतात, आणि त्यांचा सगळा संसार चालतो तो इतरांनी न जपलेल्या गाड्यांवर. उद्या प्रत्येकाने आपली फियाट जपायची ठरवली, तर यांच्यावर उपासमारीची पाळी येईल. एक फियाट जगवायची म्हणून निदान चार फियाटी त्यांनी पोटात घातल्या आहेत, आणि पाचवी कुठे आजारी आहे यावर त्यांचा डोळा आहे.

२०२१च्या नियमाने पन्नाशी उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. मूळ स्वरूप हा शब्द सरकारने आपल्यालाच उद्देशून घातला, असं त्यांना वाटतं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, या अटीचा मात्र त्यांना काडीचाही त्रास नाही.

तेव्हा तुमच्या आजोबांची फियाट बिल्डिंगखाली धूळ खात असेल आणि एखादे सज्जन तिच्यापाशी थबकून “वा, काय जपलीय!” म्हणाले, तर त्यांना चहा जरूर द्या. विकायचीच असेल तर गाडीही द्या. फक्त पैसे घेण्याआधी एवढं विचारून घ्या, “काका, अख्खी हवीय की सुटी?”