निवांतराव

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या गृहस्थांना ‘निवांतराव’ ही पदवी प्रथम कोणी बहाल केली, याविषयी सोसायटीत तीन पक्ष आहेत व तिघेही आपापला दावा सोडावयास तयार नाहीत. पदवी का मिळाली, याविषयी मात्र दुमत नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याची बादली बाहेर ठेवताना, इतकेच काय, गणपतीच्या आरतीत एका हाताने टाळ आणि दुसऱ्याने भ्रमणध्वनी सावरीत असतानाही भेट झाली आणि आपण केवळ लोकरीतीस अनुसरून ‘काय, कसं काय?’ असे विचारले, की ते मनगटाकडे एक दृष्टिक्षेप टाकून म्हणतात, ‘काका, एकदा निवांत बोलू.’ ते ‘एकदा’ गेल्या अकरा वर्षांत उगवलेले नाही.

ही एका माणसाची हकिकत आहे, असे कृपा करून कोणी समजू नये. वारज्यातील ज्या ज्या इमारतीचा रखवालदार सकाळी सव्वासात वाजता शिट्टी फुंकून मोटारी मागे घेण्याचे सोपस्कार पार पाडीत असतो, त्या त्या इमारतीत निदान एक तरी निवांतराव नांदतोच. वारजे १९९७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी येथे बिऱ्हाड केले. तेव्हा गच्चीवरून एका अंगास मुठेकाठची शेते आणि दुसऱ्या अंगास डुक्कर खिंडीकडची टेकडी दिसे, आणि आमच्या कचेरीतील लोक ‘इतक्या लांब राहायला गेलात?’ असे अशा स्वरात विचारीत, की जणू मी तीर्थयात्रेस निघालो आहे व परत येण्याची शाश्वती नाही. पुढे हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या वाढल्या, महामार्गाच्या दोन्ही बाजूंस इमारती उठल्या, आणि भाकरी हिंजवडीस व अंथरूण वारज्यास अशी संसाराची वाटणी होऊन बसली. या दोहोंच्या मध्ये मोटारीत जे आयुष्य जाते, ते कोणाच्या खाती घालावे, याचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे.

त्या मधल्या आयुष्याचे नाव चांदणी चौक. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटके लावून उडवण्यात आला, त्या वेळी निवांतराव थेट प्रक्षेपण पाहत गच्चीवर येरझारा घालीत होते. स्फोट झाला, धुळीचा लोट उठला, आणि धूळ बसल्यावर पाहतात तो पूल अजून पुरता पडलेलाच नाही. उरलेला सांगाडा यंत्रे लावून खाली आणावा लागला. मला हसू आले. निवांतरावांचा मात्र कंठ दाटून आला. ‘काका,’ ते म्हणाले, ‘इतकं प्रेशर येऊनही उभा राहिला हो!’ इतक्या आत्मीयतेने ते त्यांच्या सख्ख्या मेहुण्याविषयीही बोलत नाहीत. पुढे १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या पुलाचे उद्घाटन झाले, तेव्हा रोजची वीस मिनिटे वाचतील असा त्यांनी हिशेब मांडला. वाचलीही असतील, परंतु पंधरा दिवसांच्या आत सव्वानऊची एक नवी बैठक येऊन त्या वीस मिनिटांवर बिनदिक्कत ताबा करून बसली.

आमच्या पिढीस व्याप होते, कटकटी होत्या, डोक्यास ताप होता. ‘ताण’ हा शब्द आम्ही तंबूच्या दोरीसाठी राखून ठेवला होता. माणसाच्या प्रकृतीस तो लावण्याचा मान हान्स सेल्ये नामक शास्त्रज्ञाचा. १९३६ साली त्याने उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखवले, की थंडी असो, इजा असो वा विष असो, कोणताही जाच झाला तरी शरीर एकाच ठरावीक रीतीने प्रतिकारास उभे राहते. पुढे या अवस्थेस पदार्थविज्ञानातला ‘स्ट्रेस’ हा शब्द चिकटला. हे सर्व मला निवांतरावांनीच सांगितले. पण त्यांनी सांगितलेले अर्धे व मी ग्रंथालयातून आणलेले अर्धे, कारण मधेच त्यांच्या मनगटावरील घड्याळाने थरथरून त्यांस श्वास घेण्याची आज्ञा केली. माणूस बोलत असताना श्वास आपोआप चालतो, ही सोय घड्याळास ठाऊक नसावी. ते डोळे मिटून जिन्यात एक मिनिट उभे राहिले. मागे दूधवाला, त्याच्या मागे पार्सल पोहोचवणारा मुलगा आणि त्याच्या मागे दुसऱ्या मजल्यावरील आजी, असे तिघे त्यांची समाधी उतरण्याची वाट पाहत ताटकळले होते.

ताण घालवण्यासाठी या गृहस्थाने जे श्रम घेतले, त्यांच्या निम्म्या श्रमांत दुसरी एक नोकरी सहज निभावली असती. त्यांच्या मेजावर टोमॅटोच्या आकाराचे एक घड्याळ आहे. १९८०च्या दशकात फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातील तसल्याच घड्याळावर पंचवीस मिनिटे लावून अभ्यासाची शिस्त बसवली आणि ती पद्धत जगभर गेली. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विसावा. निवांतरावांच्या घरी हा टोमॅटो वाजला की ते पाच मिनिटांचा विसावा घेतात, म्हणजे त्या पाच मिनिटांत साचलेले निरोप वाचतात. इगतपुरीच्या धम्मगिरीस जाऊन ते दहा दिवसांचे मौनही पाळून आले. तेथून परतले तेव्हा मुद्रा खरोखर प्रसन्न होती, हे मी साक्षीस उभा राहून सांगेन. परंतु महामार्गावर गाडी वळेपर्यंत दहा दिवसांची टपाले एकदम कोसळली, आणि रात्री साडेनऊपर्यंत आमच्या डोक्यावरील मजल्यावरून दहा दिवसांचे थकीत बोलणे सव्याज वसूल होत असल्याचे ऐकू येत होते.

आणखी एक प्रसंग नमूद केल्यावाचून राहवत नाही. वारजे हे खडकवासला विधानसभा मतदारसंघात व म्हणून बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते. आणि कामाची वेळ संपल्यावर नोकराने मालकाच्या फोनास वा ई-मेलास उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडणाऱ्या सुप्रिया सुळे या आमच्याच खासदार. ही वार्ता निवांतरावांच्या वाचनात फार उशिरा, एका रात्री साडेअकरा वाजता आली. ते इतके भारावून गेले, की त्यांनी ती तत्काळ आपल्या हाताखालील चौदाही मुलांस पाठवली, आणि खाली लिहिले: ‘जरूर वाचा. सकाळी आठच्या आत अभिप्राय हवा.’

त्यांच्या सौभाग्यवती बँकेत नोकरी करतात, पहाटे उठून तीन डबे भरतात, मुलाचा अभ्यास घेतात, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात. त्यांना ताण असल्याचे कधी ऐकिवात नाही. त्याचे नियोजन करण्यास त्यांना सवड नसावी.

मी पडलो अव्वल कारकून. सरकारी दप्तरात चौतीस वर्षे घालवलेला मनुष्य दुसऱ्याचे मेज पाहून स्वस्थ बसू शकत नाही. एकदा मी त्यांस आमची सहा गठ्ठा पद्धत समजावून सांगितली. टेबलावरचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे: ज्यावर आपणच काही करावयाचे ती प्रलंबित प्रकरणे, ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची ती प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक तारखेस पाठवावयाची नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात धाडावयाचे निकाली कागद, आणि सहावा गठ्ठा, नष्ट करावयाच्या कागदांचा. यांतील दुसरा आणि सहावा हे दोन गठ्ठे ज्याने शोधून काढले, त्यास मी ऋषितुल्य मानतो. ‘प्रतीक्षाधीन’ हा शब्द कपाळी लिहिला, की चेंडू दुसऱ्याच्या अंगणात गेला. मग सायंकाळी पाच पंचेचाळीसला रुमालाची गाठ मारावी, छत्री घ्यावी आणि स्वारगेटची बस धरावी. माझ्या आयुष्यातील सर्व शांत झोप मी त्या दुसऱ्या गठ्ठ्यावर डोके ठेवून घेतली आहे. अर्थात त्यामुळे काही अर्जदारांची झोप उडाली असेल, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

निवांतरावांनी हे सारे मोठ्या आदराने ऐकून घेतले, टिपूनही घेतले. आठ दिवसांनी त्यांनी मला संगणकावर एक रंगीत तक्ता दाखवला. त्यात गठ्ठे सोळा होते. नष्ट करावयाच्या कागदांचा गठ्ठा त्यांत नव्हता. ‘तो कुठे गेला?’ असे मी विचारले, तेव्हा ते किंचित ओशाळून म्हणाले, ‘काका, डिलीट करवत नाही हो. कधी लागलं तर?’

हार न मानता मी त्यांस अण्णासाहेब कर्व्यांचा दाखला दिला. आमच्या शेजारचे कर्वेनगर म्हणजे त्यांचे हिंगणे. विधवा मुलींचा आश्रम १९०० साली तेथील एका झोपडीत गेला, तेव्हा अण्णासाहेब फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत, आणि हिंगणे व पुणे हे अंतर चिखलातून, काट्यांतून, अंधारातून पायी तुडवीत. इकडे वर्ग, तिकडे आश्रम, मधल्या वेळात लोकांच्या दारी जाऊन वर्गणी, आणि या सर्वांवर कडी म्हणून सनातन्यांचे बहिष्कार. इतके असून मनुष्य १०४ वर्षे जगला आणि शंभराव्या वर्षी, १९५८ साली, भारतरत्न झाला. माझे कथन संपले तेव्हा निवांतराव गंभीर झाले होते. बाण वर्मी लागला, असे मी समजलो. ‘काका,’ ते हलकेच म्हणाले, ‘म्हणजे रोजची पावलं दहा हजारांच्या वरच पडत असणार!’ दुसऱ्या दिवसापासून ते वारज्याच्या टेकडीवर वन विभागाने राखलेल्या झाडीत पहाटे फिरावयास जाऊ लागले. कानात यंत्र घालून, अमेरिकेतील मंडळींशी वाद घालीत. तेथील मोर, मी ऐकतो, आता थोडे पलीकडे सरकले आहेत.

बहुत दिवस मी या माणसाची कीव केली. ती व्यर्थ होती, हे एका उन्हाळ्यात कळले. ते कोकणात जाऊन आले, आणि मधल्या काळात वरिष्ठांनी, बहुधा सद्हेतूनेच, त्यांच्याकडील दोन कामे काढून दुसऱ्यास दिली. कोणासही वाटावे, की हा मनुष्य पेढे वाटील. तो आठवडाभर असा हिंडत होता, जणू एखाद्या देशमुखाची सनद सरकारजमा झाली आहे. सातला घरी येई, वाहनतळात मोटारीतच बसून राही आणि आठ वाजता दमल्यासारखा वर जाई. तेव्हा मला उमगले, की ताण हे त्यांचे दुखणे नसून वतन आहे. पूर्वी माणसास ‘आपण कोण?’ असे विचारले तर तो गाव सांगे, हुद्दा सांगे, गेलाबाजार मामाचे नाव सांगे. निवांतरावांचा हुद्दा इंग्रजी व पाच शब्दांचा असून त्यांच्या आईसही तो सांगता येत नाही. उरतो तो व्याप. ‘फार बिझी असतो बिचारा,’ हे शब्द त्यांच्या मातोश्री ज्या अभिमानाने उच्चारतात, त्याच अभिमानाने माझी आजी ‘घोड्यावरून वसुलीला जायचे’ असे आजोबांविषयी म्हणे. आजोबा प्रत्यक्षात घोड्यास भीत असत, ही गोष्ट निराळी.

गेल्या जानेवारीत, एका गुरुवारी (आणि गुरुवार हा पुणेकरांचा वीज आणि पाणी या दोहोंच्या दुरुस्तीचा वार) सकाळी दहास वीज गेली. निवांतराव त्या दिवशी घरून काम करीत होते. अकराच्या सुमारास त्यांचा इन्व्हर्टर संपला, साडेअकरास संगणक मिटला, आणि पावणेबारास ते हातात मृत भ्रमणध्वनी धरून आमच्या दारात उभे राहिले; चेहरा असा, की घरात काही अशुभ घडले काय, असे मला वाटले. आमच्याकडेही वीज नव्हती. ही सोसायटीभरची वस्तुस्थिती त्यांच्या गळी उतरण्यास थोडा वेळ लागला. सौ. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून दोन किलो मटार घेऊन बसल्या होत्या. ‘बसा हो जरा,’ त्या म्हणाल्या, आणि रिकामे हात पाहवत नसल्याने एक मूठ शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या.

पहिल्या दहा-बारा शेंगा त्यांनी अशा सोलल्या, की जणू प्रत्येकीची मुदत टळून गेली आहे. दाणे परातीबाहेर उडत होते. मग हळूहळू अंगठ्यास शेंगेची शिवण सापडली. चट् असा बारीक आवाज, शेंग उकले, दाणे परातीत टपटपत. एका शेंगेत अळी निघाली, ती त्यांनी टरफलासकट खिडकीतील कुंडीत नेऊन सोडली. एका शेंगेत नऊ दाणे निघाले, ते त्यांनी मला मोजून दाखवले. मग लहानपणी आजोळी, सासवडला, मावश्यांच्या घोळक्यात बसून मटार सोलताना कोण किती कच्चे खातो याची पैज कशी लागे, ते सांगितले. ते सांगता सांगता स्वतःच बरेच दाणे तोंडात टाकले. मनगटावरचे घड्याळही केव्हाच मान टाकून पडले होते, तेव्हा श्वास घ्या म्हणून सांगणारे कोणी नव्हते. तो चाललाच होता. परात भरली तेव्हा सव्वा वाजला होता. अकरा वर्षे तुंबलेले ते ‘एकदा निवांत’ आमच्या सतरंजीवर नकळत पार पडले होते, आणि मी त्याचा उच्चार करण्याचा मोह मोठ्या कष्टाने आवरला.

वीज आली. पंखा फिरू लागताच त्यांचा भ्रमणध्वनी आमच्या भिंतीवरील खटक्यापाशी जिवंत होऊन थरथरू लागला, आणि ते एका हाताने टरफले झटकीत दुसऱ्याने तो कानास लावून जिना चढून गेले.

रात्री दहा वाजता माझ्या फोनवर एक निमंत्रण आले. विषय: मटार. वार: दर गुरुवार. वेळ: सकाळी ७.४० ते ७.५५. उपस्थिती आवश्यक: काका, काकू. पुढच्या गुरुवारी सात वाजून चाळीस मिनिटांनी दाराची घंटा वाजली. निवांतराव पायांत बूट घालूनच उभे होते. हातात दुकानातून आणलेली, बर्फात गोठवलेली मटारदाण्यांची थैली होती.

‘सोललेलेच आणलेत, काकू,’ ते म्हणाले. ‘तेवढाच वेळ वाचेल.’