खो मोठ्यानं द्यायचा असतो

पीटीचा तास गणिताला गेला. हे वाक्य आपल्याकडच्या बहुतेक शाळांत दर पंधरवड्याला ऐकू येतं आणि पालकसभेत त्याबद्दल कुणी हात वर करत नाही. गणिताचा तास पीटीला गेला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांच्या दारात पालक उभे असते.

उरलेल्या पीटीच्या तासात काय चालतं तेही बघा. मैदानाच्या मधोमध मुलांचं क्रिकेट. मुली भिंतीच्या सावलीला. दोघी-तिघी सागरगोटे खेळतायत, बाकीच्या स्कर्ट गुडघ्यांवर ओढून नुसत्या बसल्यात. चेंडू त्यांच्याकडे आला की तो उचलून परत द्यायचा, एवढाच त्यांचा मैदानाशी संबंध. "मुलींना आवडतच नाही हो," असं वर सांगितलं जातं. जे कधी वाट्याला आलंच नाही, ते आवडतं की नाही हे त्या पोरींना तरी कसं कळावं?

मला आज फक्त पहिली ते पाचवीच्या मुलींबद्दल बोलायचंय. मोठ्या मुलींचे प्रश्न मोठे आहेत, पण मैदान सुटतं ते या वयात. तिसरीतला मुलगा घरी येतो, दप्तर टाकतो आणि गल्लीत पळतो. तिसरीतली मुलगी घरी येते आणि धाकट्या भावाला कडेवर घेते. भांडी असतात, पाणी भरायचं असतं, अंधार पडायच्या आत घरात असायचं असतं. मुलाला शाळेचं मैदान मिळालं नाही तर गल्ली आहे. मुलीला शाळेचं मैदान मिळालं नाही, तर काहीच नाही. शाळेतला पीटीचा तास खाणं हा म्हणूनच मुलींवर जास्त मोठा अन्याय आहे.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, वर्गाला खेळाचं साहित्य हवं असंही लिहिलंय. आणि खेळ शिकवणारा शिक्षक? तो सहावी ते आठवीसाठी, तोही अर्धवेळ आणि पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीच्या तक्त्यात तो नाहीच. तिथं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्या दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, माहिती भरून पाठवायची आणि मग शिट्टी गळ्यात अडकवायची. मी गुरुजींवर आणि बाईंवर चिडत नाही. मी त्या तक्त्यावर चिडते.

मोठ्या शालेय क्रीडा स्पर्धांचे गट बघा : 14, 17 आणि 19 वर्षांखालील. चौदाखालच्या संघातही उभ्या असतात सहावी-सातवीतल्या. म्हणजे आपण खेळाडू शोधायला लागतो, तोवर कितीतरी मुली घरात बसलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं अंगमेहनतीचं, हालचालीचं काहीतरी करावं आणि आठवड्यातून तीन दिवस तरी त्यात हाडं-स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा. हाडांची पुंजी लहानपणी आणि वयात येताना जमते. उड्या मारायच्या त्या तेव्हाच. पुढं गोळ्या खाऊन ती पुंजी पुन्हा तितकी भरत नाही.

आता खो-खोकडे येते, कारण या वयाच्या मुलींसाठी इतका नेमका खेळ मला दुसरा दिसत नाही. खर्च जवळजवळ शून्य. दोन खांब, थोडी फक्की. आठ जणी ओळीत उकिडव्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलागावर. तिला मागं वळता येत नाही, मधली रेष ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे निसटली की एकच उपाय : बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावायचा, "खो" म्हणायचं आणि तिची जागा घ्यायची. एकटीनं कितीही वेगानं धावलं तरी काम भागत नाही. ज्या मुलीला वेग नाही तिला नजर लागते, आणि तीही तितकीच उपयोगी पडते. बसलेलीला सगळा वेळ जागं राहावं लागतं, कारण पुढचा क्षण तिचा असू शकतो. वर्गात शेवटच्या बाकावर विसरली गेलेली मुलगी इथं विसरली जात नाही. तिच्या पाठीवर हात पडतोच.

आणि खो मोठ्यानं द्यायचा असतो. पुटपुटलेला खो चालत नाही, पंच शिट्टी वाजवतो. "हळू बोल", "पोरीच्या जातीनं ओरडू नये" हे ऐकत वाढलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगतं की तुझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. एवढ्या एका नियमासाठी मी हा खेळ प्रत्येक प्राथमिक शाळेत सक्तीचा करीन.

शाळेतल्या खो-खोचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना माण तालुक्यातलं मोही गाव दाखवावं. दुष्काळी मुलुख. तिथली ललिता बाबर आधी खो-खो खेळली, मग धावू लागली आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत 1984 च्या पी. टी. उषानंतर पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. धाराशिवच्या सारिका काळेनं 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं, 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. त्याच आठवड्यात किती शाळांत तिसरीच्या मुली मैदानात उतरल्या, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पदकं चार जणींना मिळतात. मला बाकीच्यांसाठी मैदान हवंय. वाडीवरची, गावठाणातली, वस्तीवरची अशा आठ मुली एका ओळीत बसतात, तेव्हा घरी जे अंतर पाळायला शिकवलेलं असतं ते एका तासात विसरायला होतं. एकत्र खेळण्याची ही ताकद आपल्या आज्यांना ठाऊक होती. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, खिरापत ओळखायची. मंगळागौरीला झिम्मा, पिंगा, रात्र सरेपर्यंत फुगडी. फुगडीत समोरचीचे हात घट्ट धरून मागं झुकावं लागतं, तिनं सोडलं तर आपण पडणार. हे बायकांचं मैदानच होतं, वर्षातून मोजक्या दिवसांचं. आता मंगळागौरीचे गट मानधन घेऊन कार्यक्रम करतात. त्या बायकांना चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण आठ वर्षांची मुलगी तिथं खुर्चीत बसून बघते, तिला कुणीतरी फेरात ओढायला हवं.

मागणं फार नाही. मैदान अर्धं मुलींचं, वारानुसार नव्हे, रोज. खेळाच्या दिवशी मुलींना स्कर्टऐवजी पँट. वापरता येईल असं स्वच्छतागृह, पाण्यासकट. लहान शाळेत दोन संघांपुरत्या अठरा मुली भरत नसतील, तर 'आनंददायी शनिवार' हा सरकारी उपक्रम कागदावर आहेच. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी महिन्यातून एका शनिवारी एकत्र यावं, गावातल्या एखाद्या माजी खेळाडू बाईला बोलवावं आणि तिच्या येण्याजाण्याचा खर्च ग्रामपंचायतीनं द्यावा. आणि पालकांनो, संध्याकाळी एक तास ते धाकटं बाळ दुसऱ्या कुणीतरी घ्यावं.

गेल्या हिवाळ्यात एका केंद्रस्तरीय स्पर्धेला गेले होते. लहान गट, मुलींचा खो-खो. तिसरीतली एक किडकिडीत पोर पहिल्या डावात दोनदा पुटपुटली, दोनदा शिट्टी झाली. "अगं, मोठ्यानं दे ना!" ओळीतून तिची मैत्रीण ओरडली. पोरीनं बाहीला नाक पुसलं. दुसऱ्या डावात तिनं दिलेला खो मैदानापलीकडच्या आंब्याखाली उभ्या असलेल्या तिच्या आजीपर्यंत पोचला. आजी दचकून हसली. तिच्या कडेवर पोरीचा धाकटा भाऊ होता.