सगळेच पहिले

पहिला नंबर एकाचाच येतो, हे आपल्याला शाळेत शिकवतात. नोकरीत ते विसरायला शिकवतात. साहेब देश सोडून गेला, पण जाताना पहिल्या नंबरच्या विशेषणांचं एक गाठोडं इथेच ठेवून गेला. चीफ, प्रिन्सिपल, प्राइम, सुप्रीम, हेड, जनरल. अर्थ म्हणाल तर सगळ्यांचा थोडाफार एकच : सर्वांत वरचा. घोटाळा एवढाच, की हे सर्वांत वरचे लोक एकाच इमारतीत एकमेकांच्या खाली बसतात.

आमच्या सोसायटीत सरकारी बँकेतले दोन साहेब राहतात. पहिल्या मजल्यावर चीफ मॅनेजर, तिसऱ्यावर असिस्टंट जनरल मॅनेजर. गणपतीतल्या बक्षीस समारंभाला दोघेही पाहुणे होते. समितीकडे शाली दोन. एक नवी, जरीच्या काठाची आणि एक गेल्या वर्षी उरलेली. सेक्रेटरींनी सरळ व्यवहारी हिशेब केला. चीफ तो चीफ आणि असिस्टंट म्हणजे कुणाच्या तरी हाताखालचा. त्यांनी जरीची शाल चीफसाहेबांच्या खांद्यावर घातली आणि चीफसाहेबांना दरदरून घाम फुटला. कारण बँकेच्या उतरंडीत चीफ मॅनेजर चौथ्या श्रेणीत आणि असिस्टंट जनरल मॅनेजर पाचव्या! शेजारी बसलेले असिस्टंट साहेब उरलेली शाल मांडीवर घेऊन, वार्षिक अहवाल लिहिताना माणूस हसतो तसे मंद हसत होते. "फार उकडतंय हो," म्हणत चीफसाहेबांनी ती शाल काढली आणि स्वतःच्या हातांनी साहेबांना पांघरली. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या आजींनी खणखणीत आवाजात विचारलं, "असिस्टंट म्हणजे या चीफचेच ना रे?" त्यानंतर आठवडाभर दोन्ही घरांत लिफ्टमध्येसुद्धा बोलणं नव्हतं.

बँकेचा क्रम पाठ झाला म्हणून मंत्रालयात निर्धास्त जाल, तर फसाल. तिथे सर्वांत वर चीफ सेक्रेटरी, म्हणजे मुख्य सचिव. त्यांच्या खाली अपर मुख्य सचिव, त्यांच्या खाली प्रिन्सिपल, म्हणजे प्रधान सचिव आणि मग बिनविशेषणाचे नुसते सचिव. (आमचे एक काका 'अपर' हा शब्द रेल्वेच्या बर्थवरून शिकलेले. त्यामुळे हे अधिकारी मुख्य सचिवांच्याही वर असतात, असं ते शेवटपर्यंत मानत होते.) तात्पर्य, चीफ वर, प्रिन्सिपल खाली. हे डोक्यात पक्कं करून वनखात्यात जावं, तर तिथे सर्वांत वर प्रिन्सिपल चीफ कॉन्झर्व्हेटर! त्यांच्या खाली अ‍ॅडिशनल प्रिन्सिपल चीफ आणि नुसते चीफ त्याच्याही खाली. सरकार एकच, पण मंत्रालयात जो प्रिन्सिपल चीफच्या पायाशी, तो जंगलात चीफच्या डोक्यावर. वाघाचं बरं आहे. त्याला विशेषण लागत नाही. लागतं ते त्याची राखण करणाऱ्यांना.

राज्यकर्त्यांचीही यातून सुटका नव्हती. १९३७ साली बाळासाहेब खेर मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांना पंतप्रधानच म्हणत. प्रांत अनेक, त्यामुळे प्राइम मिनिस्टरही अनेक. पुढे राज्यघटनेने एक प्राइम दिल्लीला ठेवला आणि राज्यांना चीफ वाटून दिले. जम्मू-काश्मीरने मात्र आपला प्राइम १९६५ पर्यंत सोडला नाही. विशेषण एकदा अंगाला चिकटलं, की सहजासहजी निघत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

सगळ्यांत लबाड विशेषण म्हणजे जनरल. मध्य रेल्वेचे जनरल मॅनेजर म्हणजे रेल्वेतलं मोठं प्रस्थ. त्यांचं मुख्यालय सीएसएमटीला. आणि तिथूनच सुटणाऱ्या गाडीला जनरलचा डबा असतो. त्यात एक पाय स्वतःचा आणि दुसरा कुणाचा, हे कल्याण येईपर्यंत समजत नाही. पण दर्जावाढ कशी करावी, हे रेल्वेकडून शिकावं. १९७४ साली तिने थर्ड क्लास बंद केला. आदल्या दिवशीचा थर्डचा प्रवासी दुसऱ्या दिवशी सेकंड क्लासचा झाला. बूड त्याच लाकडी फळीवर. पुढे तीच रेल्वे थर्ड एसी घेऊन आली आणि ज्या आकड्याची लाज वाटत होती, त्याच्या वेटिंग लिस्टसाठी आता आपण ओळखी काढतो.

खासगी कंपन्यांनी तर लाजच सोडली. अमेरिकेसारख्या देशाचं एका व्हाइस प्रेसिडेंटमध्ये भागतं. आमच्या भाच्याच्या मजल्यावर ते चहाच्या मशीनपाशी रांग लावून उभे असतात. भाचा स्वतः असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट. लग्नाच्या बायोडेटात हे पद ठळक अक्षरांत छापलं होतं. "तुमच्या हाताखाली माणसं किती?" असं मुलीच्या वडिलांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सध्या मी इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्यूटर आहे." वडिलांनी हे त्याहून वरचं पद समजून लगेच याद्या करायला घेतल्या.

इंग्रजीची अडचण अशी, की पहिली जागा एक आणि उमेदवार शंभर. म्हणून तिला एका पहिल्यावर दुसरा पहिला रचावा लागतो. आपण महाराष्ट्रात हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. कुठल्याही चौकात मान वर करून बघा. भावी नगरसेवक, भावी आमदार, भावी मुख्यमंत्री. एकाच पदाचे चार भावी एकाच खांबावर गुण्यागोविंदाने लटकतात. चीफ व्हायला वरच्याने खुर्ची सोडावी लागते, प्रिन्सिपल व्हायला सेवाज्येष्ठता लागते. भावी व्हायला फ्लेक्सवाल्याकडे उधारी चालली, की पुरे.